उजेड पोचतो तिथला कॅन्सर

तोंडाचा कॅन्सर डोळ्यांना दिसतो. स्वादुपिंडाचा दिसत नाही, यकृताचा दिसत नाही, फुप्फुसातली गाठ शोधायला स्कॅन लागतो. तोंडातली मात्र रुग्णाने ‘आ’ केले आणि कुणी टॉर्च धरला की समोर असते. गालाच्या आत पांढरट चट्टा, जिभेच्या कडेला न भरणारा व्रण, हिरडीलगत बोटाला कडक लागणारी जागा. एवढे असूनही आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण इस्पितळात येतात ते रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेल्यावर. जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण होते. भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा आणि गुटखा, खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या बोटावर मशेरी. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही.

तोंडासह डोके-मानेच्या कॅन्सरवर जपानने सप्टेंबर २०२० मध्ये एका वेगळ्याच उपचाराला मंजुरी दिली. त्याला फोटोइम्युनोथेरपी म्हणतात आणि त्यात उजेड वापरतात. म्हणजे रेडिएशनचे किरण नव्हेत, साधा गडद लाल उजेड. या उजेडाने गाठीतल्या पेशी मरतातच, शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती नेमकी तिथेच चेतवता येते, अशी त्यामागची कल्पना आहे. माझे म्हणणे असे की हा उपचार आपल्याकडे तयार माल म्हणून कधी उतरेल याची वाट पाहत बसणे चूक आहे. ज्या देशात या रोगाचे रुग्ण सर्वांत जास्त आहेत त्याने स्वतःचे प्रश्न घेऊन, सार्वजनिक पैशाने, त्याच्या चाचण्या कराव्यात. आणि त्या पुऱ्या होईपर्यंत कुणीही तो रुग्णाला विकू नये.

आधी तो चालतो कसा ते पाहू. हिसाताका कोबायाशी हे मूळचे जपानी डॉक्टर अमेरिकेत मेरिलंडमधल्या सरकारी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत काम करत होते. त्यांच्या गटाने २०११ मध्ये हे तंत्र जगापुढे मांडले. कॅन्सरच्या पेशीवर चिकटणारी एक अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच जाऊन धरणारा रेणू, घ्यायची आणि तिला उजेडाने चेतणारा एक रंग जोडायचा. मंजूर झालेल्या औषधात अँटिबॉडी आहे सेटुक्सिमॅब. ती ईजीएफआर नावाच्या प्रथिनाला धरते, आणि डोके-मानेच्या बहुतेक कॅन्सरांत हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर भरपूर असते. रंगाचे नाव आयआर-७००. पहिल्या दिवशी हे औषध सलाइनमधून दोनेक तासांत शरीरात जाते. मग साधारण २० ते २८ तास थांबायचे. तेवढ्या वेळात ते गाठीत साचते, पण उजेड पडेपर्यंत तो रंग जवळजवळ निरुपद्रवी असतो.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला भूल देतात. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे चढतात. गाठ वरवरची असेल तर तिच्यासमोर लेसरची नळी धरतात. खोल असेल तर सुईसारख्या पारदर्शक नळ्या गाठीत खुपसून त्यांतून बारीक तंतू आत सोडतात, आणि तो तंतू आपल्या सगळ्या लांबीभर उजळतो. उजेडाची तरंगलांबी ६९० नॅनोमीटर. एकेका जागेवर तो चार ते सहा मिनिटे टाकतात. उजेड लागताच रंगाच्या रेणूचा पाण्यात विरघळणारा भाग तुटून पडतो. उरलेला रेणू पाण्याला नकोसा होतो, गोळा होऊ लागतो आणि ज्या अँटिबॉडीला तो जोडलेला असतो तिला पिळवटून टाकतो. ही अँटिबॉडी पेशीच्या आवरणात रोवलेल्या प्रथिनाला धरून असल्यामुळे आवरणालाच भोके पडतात. बाहेरचे पाणी आत घुसते, पेशी फुगते आणि फुटते. शेजारच्या निरोगी पेशीला अँटिबॉडी चिकटलेली नसेल तर उजेड तिच्यावरून नुसता जातो.

पेशी कशी मरते याला इथे फार महत्त्व आहे. अनेक उपचारांत कॅन्सरची पेशी आतल्या आत आवरते घेते, तिचे तुकडे आजूबाजूच्या पेशी गिळतात, आणि प्रतिकारयंत्रणेला त्याची वार्ताही लागत नाही. फुटून मेलेल्या पेशीचा ऐवज बाहेर सांडतो. त्यात धोक्याची सूचना देणारे रेणू असतात आणि खुद्द कॅन्सरची ओळख पटवणारी प्रथिनेही असतात. पहारेकऱ्याचे काम करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी ती उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ टी-पेशींना दाखवतात. त्या टी-पेशी मग उजेड न पोचलेल्या कोपऱ्यातही शत्रू ओळखू शकतात. निदान प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे होताना दिसले आहे.

कोबायाशींच्या गटाने २०१६ मध्ये याच कल्पनेला आणखी एक वळण दिले, आणि मला ते पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. गाठीत नियामक टी-पेशी दडलेल्या असतात. प्रतिकारयंत्रणेने आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून तिला आवरणे हे त्यांचे काम. या पेशींच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. कॅन्सर या पेशींच्या आडोशाने सुरक्षित राहतो. त्यांना सगळ्या शरीरातून हटवले तर रुग्णाची आतडी, फुप्फुसे, थायरॉइड, क्वचित हृदयही आपल्याच पेशींच्या माऱ्याखाली येते. प्रतिकारयंत्रणेचे ब्रेक, म्हणजे चेकपॉइंट, रोखून तिला कॅन्सरवर सोडणाऱ्या आजच्या इम्युनोथेरपीत याच प्रकारचे दुष्परिणाम डॉक्टरांना सांभाळावे लागतात. कोबायाशींच्या गटाने रंग जोडलेली अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीऐवजी या नियामक पेशींवर सोडली आणि उजेड फक्त गाठीवर टाकला. उंदरांमध्ये गाठीतल्या नियामक पेशी मेल्या, बाकी शरीरातल्या शाबूत राहिल्या. काही तासांत मारक पेशी जाग्या झाल्या, आणि त्याच जातीच्या ज्या दुसऱ्या गाठींवर उजेड टाकलाच नव्हता त्याही आकसल्या. औषध सगळ्या अंगभर जाते, पण त्याचे काम कुठे सुरू व्हावे ते डॉक्टर उजेडाने ठरवतो. इम्युनोथेरपीत आजवर नव्हती ती जागेवरची पकड इथे मिळते.

उजेडाने बरे करण्याची कल्पना तशी जुनीच. पांढऱ्या डागांवर बावचीच्या बिया आणि ऊन हा आयुर्वेदातला उपाय. त्या बियांतले सोरालेन उजेडात चेतते. त्याच कुळातले द्रव्य आणि अतिनील किरण रक्ताच्या पेशींवर वापरून येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेल्सन यांनी १९८७ मध्ये त्वचेत होणाऱ्या टी-पेशींच्या कॅन्सरवर (लिम्फोमावर) उपचार केले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तेव्हा उजेड आणि प्रतिकारशक्ती यांची गाठ काही काल-परवा पडलेली नाही. कोबायाशींच्या तंत्राने आणली ती अचूकता.

आता पुरावा किती आहे ते बघू, कारण इथे उत्साहाला लगाम घालावाच लागतो. ज्यावर सगळी भिस्त आहे त्या अमेरिकेतल्या चाचणीच्या दुसऱ्या भागात रुग्ण होते ३०. शस्त्रक्रिया, रेडिएशन, किमो सगळे करून थकलेले, पुन्हा उलटलेल्या कॅन्सरचे. त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या आणि चौघांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. जगण्याचा मध्यांक ९.३ महिने आला, म्हणजे साधारण निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. इतक्या थकलेल्या रुग्णांत हे आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ३० माणसे म्हणजे एखाद्या तालुक्याच्या इस्पितळातली एका सकाळची रांगही नाही. जपानने मंजुरी दिली ती सशर्त, तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू असताना. उंदरांत दूरच्या गाठी आकसल्या म्हणून माणसात तसेच घडेल असे धरून चालता येत नाही. कॅन्सरवरच्या कितीतरी औषधांनी उंदरांना बरे केले आहे.

दुष्परिणामही आहेत. उजेड टाकल्यावर ती जागा सुजते आणि दुखते, इतकी की अफूजन्य वेदनाशामके लागतात. गाठ जिभेच्या मुळाशी किंवा घशात असेल तर सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो, म्हणून कधी आधीच गळ्याला छेद देऊन नळी घालतात. गाठीने मानेतली मोठी धमनी वेढलेली असेल तर हा उपचार करायचाच नाही, कारण गाठ वितळली की धमनी फुटू शकते. शिवाय रंग सगळ्या शरीरात फिरत असल्यामुळे रुग्णाला उजेडापासून जपावे लागते. पहिला आठवडा १२० लक्सहून कमी, म्हणजे मंद उजेडाच्या खोलीत काढायचा आणि चार आठवडे थेट ऊन टाळायचे.

आणि किंमत. जपानमध्ये या औषधाच्या २५० मिलीग्रॅमच्या एका कुपीचा दर सुमारे १० लाख येन ठरला. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ६४० मिलीग्रॅम अशी मात्रा आहे, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाला एका खेपेला चार-पाच कुप्या लागतात. आपल्या रुपयांत हे वीस लाखांच्या वर जाते, तेही एका खेपेचे. जपानी रुग्ण वाचतो, कारण तिथल्या सार्वत्रिक विम्यात रुग्णाने महिन्याला स्वतः भरायच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच आहे वर्षाला एका कुटुंबामागे ५ लाख रुपयांचे.

इथे बरेच जण म्हणतील, मग आपला काय संबंध? श्रीमंत देशाचा महागडा, अर्धासिद्ध उपचार, तो त्यांनाच लखलाभ. मला हे मान्य नाही. संबंध आहे तो रोगाचा. अमेरिका आणि जपानमधल्या चाचण्यांत जे प्रश्न विचारलेच गेले नाहीत ते सगळे आपल्या रुग्णांचे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न तोंड उघडण्याचा. सरळ उभी धरलेली तीन बोटे दातांमध्ये मावली तर तोंड नीट उघडते असे आपल्या कान-नाक-घसा किंवा दातांच्या ओपीडीत समजतात. सुपारी आणि खर्ऱ्याने गालाच्या आतले अस्तर तंतूमय होऊन आवळते. मग दोन बोटे जातात, मग एक, मग भाकरीचा घास बारीक करून आत ढकलावा लागतो. असा माणूस कॅन्सर घेऊन येतो तेव्हा त्याच्या गालाच्या आतल्या गाठीपुढे लेसरची नळी धरायची कशी? पाश्चात्त्य देशांत जिभेचा आणि घशाचा कॅन्सर जास्त दिसतो, आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या खाचेतला. तंबाखूची गोळी लोक तिथेच तर दाबून धरतात. या जागेसाठी नळीचा आकार वेगळा लागेल, तंतूंचा कोन वेगळा लागेल. आवळलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या अस्तरात औषध पुरेसे झिरपते का हेही कुणी तरी मोजावे लागेल. ओसाका किंवा कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरला हा प्रश्न पडणारच नाही. नागपूरच्या डॉक्टरला तो रोज पडतो.

दुसरा प्रश्न उन्हाचा. चार आठवडे ऊन टाळा हे वाक्य सांगायला सोपे. परळला टाटाच्या आजूबाजूच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली राहून उपचार घेणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते किती अवघड आहे हे कळेल. शेतमजुराला घरी सोडले तर तो चौथ्या दिवशी बांधावर असेल, कारण मजुरी बुडते. घराला पत्रा, खिडकीला पडदा नाही, संडास बाहेर. अशा रुग्णाला चार आठवडे सांभाळण्याची जागा ही उपचाराचाच भाग मानावी लागेल. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षे टाटाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. तशी, पण जाड पडद्यांच्या आणि मंद दिव्यांच्या खोल्या असलेली व्यवस्था चाचणीच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी. नाही तर पोळलेल्या कातडीचे रुग्ण दिसतील आणि दोष उपचाराला लागेल.

तिसरा प्रश्न मात्रेचा, आणि इथे मुंबईने जगाला काही शिकवून ठेवले आहे. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत निव्होलुमॅब हे चेकपॉइंट रोखणारे इम्युनोथेरपीचे औषध दिले, पण तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलीग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे करण्याची गरज का पडली? अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पूर्ण मात्रेतली इम्युनोथेरपी शंभरात एक ते तीन रुग्णांनाच परवडते, म्हणून. कंपनी असा प्रयोग कधीच करणार नव्हती. आपलेच औषध दहापट कमी खपावे असे कुठल्या कंपनीला वाटेल? सार्वजनिक संस्थेने तो केला, आणि आज त्याची चर्चा श्रीमंत देशांतही होते.

हाच प्रश्न उजेडाच्या उपचाराला विचारायला हवा. ६४० मिलीग्रॅम लागतातच का? तोंडातली गाठ लहान असेल, डोळ्यांसमोर असेल, उजेड सगळीकडून टाकता येत असेल, तर निम्म्यात भागेल का? चौथाईत? मात्रा कमी झाली तर खर्च उतरेलच, शिवाय अंगात फिरणारा रंगही कमी, म्हणजे अंधाराचे दिवसही कमी होण्याची शक्यता. आणि उजेडाने जाग्या झालेल्या टी-पेशींना पुढे टिकवायला २० मिलीग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली तर? दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत, त्याच रुग्णांत करून पाहता येतील असे केंद्र जगात फार थोड्या ठिकाणी असेल. टाटा मेमोरियलची परळ आणि खारघरची केंद्रे ही त्यातली दोन.

उजेडाच्या यंत्राचेही तसेच. लेसर महाग, पण लाल उजेड महाग नाही. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात सुमारे तीस रुग्णांवर झालेल्या कामाकडे आपल्या धोरणकर्त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. बॉस्टनमधले संशोधक तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्यासोबत तिथल्या डॉक्टरांनी बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा वापरला. तोंडात बसणारी त्याची टोके थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली होती आणि गाठीतला रंग पाहायला स्मार्टफोनचा कॅमेरा होता. औषध तोंडाने घ्यायचे. ही अँटिबॉडीची इम्युनोथेरपी नव्हती, जुन्या पद्धतीचा प्रकाश-उपचार होता आणि तोही अगदी सुरुवातीच्या, लहान गाठींवर. बहुतेक रुग्णांची गाठ गेली. वीज खात्रीची नसलेल्या ठिकाणीही तोंडात उजेड नेता येतो हे त्यातून सिद्ध झाले. मला वाटते, पुढची पायरी तिथूनच सुरू होते.

अँटिबॉडी बनवणे आपल्याला नवे नाही. ईजीएफआरलाच धरणारे निमोटुझुमॅब बंगळुरूच्या कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणले. सेटुक्सिमॅबची भारतात बनलेली आवृत्तीही आज मिळते. आयआर-७०० हा फ्थॅलोसायनिन कुळातला रंग. या कुळातली निळी-हिरवी रंगद्रव्ये गुजरातेतले कारखाने टनावारी बनवतात. औषधाच्या दर्जाचा रंग बनवून तो अँटिबॉडीला मोजून जोडणे ही वेगळी, अवघड गोष्ट आहे, पण ती असाध्य नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडणारा स्वदेशी ‘कार-टी’ उपचार उभा केला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे चाळीस-पन्नास लाखांच्या घरात आला. तेही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे हे खरे. पण दहा वर्षांपूर्वी ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणणारे तेव्हाही होतेच.

एक आक्षेप मला मनापासून गंभीर वाटतो. तो असा: तंबाखू बंद करा, तोंडे तपासा, हा रोग बराचसा होणारच नाही. मग लेसर आणि अँटिबॉडीवर पैसा कशाला? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून जवळजवळ १ लाख ९० हजार लोकांवर चाचणी केली. आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले आणि पुरेशा उजेडात लोकांची तोंडे तपासली, बस एवढेच. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. याच्याइतका स्वस्त आणि पक्का पुरावा कुठल्याच इम्युनोथेरपीकडे नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पानटपरीवर तो राजरोस मिळतो. अशा राज्यात प्रतिबंधाला पहिला हक्क आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आशाताईंच्या हातात टॉर्च आणि लाकडी चमचा देऊन वर्षातून एकदा गावातली तोंडे तपासायला लावण्याचा निधी कापून कुणी लेसर घेणार असेल तर मी त्या लेसरच्या विरोधात उभा राहीन.

पण हे दोन खर्च खरोखर एकाच खिशातून जातात का? तपासणी हा जिल्हा परिषदेचा आणि आरोग्य खात्याचा कार्यक्रम. चाचणी हा संशोधनाचा निधी, आणि तो आपण खर्च केला नाही तर आशाताईंकडे वळत नाही, नुसता पडून राहतो किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. दुसरे असे की तपासणी वाढली की कॅन्सर लवकरच्या टप्प्यात जास्त सापडतील. त्या रुग्णांना आज काय मिळते? गालाचा, जबड्याचा भाग काढणारी शस्त्रक्रिया. ती जीव वाचवते आणि तिची जागा घेणारे आज काहीच सिद्ध झालेले नाही. पण बोलणे, गिळणे, चेहरा यांची किंमत मोजावी लागतेच. पुढे कधी लहान गाठ उजेडाने जाऊन जबडा वाचत असेल, तर तपासणीला येण्याची लोकांची भीतीही कमी होईल. खेड्यातला माणूस तोंडातला चट्टा लपवतो त्यामागे अज्ञानाइतकीच ‘तोंड कापतील’ ही धास्ती असते. आणि ज्या दोन-तीन पिढ्यांनी आधीच खर्रा खाल्लेला आहे त्यांचे कॅन्सर पुढची वीस वर्षे येत राहणार. उद्या सगळ्या टपऱ्या बंद झाल्या तरी.

दुसरी भीती फसवणुकीची आहे, आणि ती रास्त आहे. ‘लेसरने कॅन्सर बरा, कापाकापी नाही’ अशा पाट्या शहरांत लागायला वेळ लागणार नाही. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचे नातेवाईक दागिने मोडतात, जमीन गहाण टाकतात. त्यांना सर्वांत घातक असतो तो अर्धा पुरावा असलेला उपचार, कारण त्याच्याबद्दल सांगणाऱ्याला खोटे बोलावे लागत नाही, फक्त निम्मे सांगावे लागते. ‘४३ टक्के रुग्णांत गाठ आकसली’ हे वाक्य खरे आहे. त्याच्यापुढचे ‘३० रुग्णांत, तुलनेचा गट नसताना’ हे गाळले की झाले. म्हणून माझी मागणी सोपी आहे: मान्यताप्राप्त चाचणीबाहेर हा उपचार द्यायला बंदी हवी, आणि चाचणीत रुग्णाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये. मुक्कामाचा, अंधाऱ्या खोलीचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्चही चाचणीनेच उचलावा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, आणि ते वाचून दाखवणारा माणूस उपचार करणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा.

हे घडवायला नवी संस्था काढायची गरज नाही. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली शेकडो केंद्रे आहेत. त्यांनी एकत्र औषधखरेदी करून किमती खाली आणून दाखवल्या आहेत. याच जाळ्यातून नागपूर, मुंबई, वाराणसी, गुवाहाटी अशा तोंडाच्या कॅन्सरच्या पट्ट्यांत एकाच आराखड्याची चाचणी चालू शकते. महाराष्ट्र सरकारने त्यात वाटा उचलावा, कारण रुग्ण आपले आहेत आणि तंबाखूवरच्या कराचा पैसाही काही अंशी त्यांच्याच खिशातून आलेला आहे.

राहिला पेटंटचा मुद्दा. मूळ शोध अमेरिकी करदात्याच्या पैशावर चाललेल्या सरकारी प्रयोगशाळेत लागला. त्याचा परवाना एका छोट्या कंपनीकडे गेला आणि पुढे हिरोशी मिकितानी यांच्या राकुतेन या जपानी इंटरनेट उद्योगसमूहाने ती पुढे नेली. मिकितानींच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता आणि त्यावर उपाय शोधता शोधता ते या तंत्रापर्यंत पोचले. त्यांच्या पैशाशिवाय हे औषध आज जपानी रुग्णाला मिळाले नसते, हे मान्य करायलाच हवे. पण शोधाची मालकी आणि रोगाचा भार यांची गाठ कुठे तरी पडायला हवी. भारताने हे पूर्वी केले आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईतून निघालेल्या आदेशाने सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याची मुभा, दिला गेला, आणि महिन्याचा खर्च पावणेतीन लाखांच्या पुढून नऊ हजारांच्या आत आला. तो बडगा उचलण्याआधी बोलणी करावीत: चाचणीचे रुग्ण आणि केंद्रे आमची, रंग आणि तंत्र तुमचे, यशस्वी झाले तर भारतातला दर आधीच ठरलेला.

पेटंट अर्जापासून २० वर्षे चालते. या तंत्राचे मूळ अर्ज २०११ च्या सुमाराचे आहेत, म्हणजे २०३१ च्या आसपास पहिले कुंपण उघडू लागेल. चाचणीची आखणी, नैतिक समित्यांची मंजुरी, रुग्णांची भरती आणि पाठपुरावा यांना पाच-सहा वर्षे सहज लागतात. आज सुरुवात केली तर कुंपण उघडेल तेव्हा किती मात्रा पुरते, आवळलेल्या तोंडात कुठली नळी चालते आणि अंधारात किती दिवस काढावे लागतात याची आपल्याच रुग्णांवरून मिळालेली उत्तरे हाताशी असतील, आणि इथले कारखाने त्यांच्या आधारे परवाना मागू शकतील. तेव्हा सुरुवात केली तर हीच पाच-सहा वर्षे त्यापुढे मोजावी लागतील, वर्षाला लाखाच्या वर नव्या रुग्णांच्या हिशेबाने.